कवचबीजाचा चमचा आणि सातची गोळी

दादांना पार्किन्सन्स असल्याचं कळलं त्या महिन्यात आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या पिशवीत काही ना काही होतं. सिन्नरच्या आत्याने महानारायण तेलाची बाटली आणली. मावशीने अश्वगंधा आणली. समोरच्या काकांनी पंचवटीतून कवचबीजाच्या चूर्णाचा डबा आणला आणि "आठ दिवसांत हात थांबतो बघा" असंही सांगून गेले. या सगळ्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांनी लिहून दिलेली गोळी होतीच, सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात. दादांची सगळी नोकरी नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये झाली, त्यामुळे मोजल्याशिवाय हातातून काही सोडायचं नाही ही सवय अंगात मुरलेली. त्यांनी सगळं टेबलावर ओळीने मांडलं आणि मला विचारलं, "यातलं कुठलं कशाबरोबर चालतं, ते सांग."

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. डॉक्टर नाही, वैद्यही नाही. पण प्रश्न रीतसर होता, आणि "आयुर्वेद की अ‍ॅलोपॅथी" या नेहमीच्या भांडणात त्याचं उत्तर मिळेना. दीड वर्ष दोन्हीकडच्या जाणकारांच्या मागे लागून जे समजलं ते इथे मांडते आहे.

आधी आजाराबद्दल थोडं. पार्किन्सन्स म्हणजे नुसता हात थरथरणं नव्हे, काहींचा हात कधीच थरथरत नाही. हालचाल मंदावणं हे मुख्य लक्षण, आणि त्याच्या जोडीला अंगाचा ताठरपणा किंवा हात स्वस्थ ठेवलेला असताना येणारा कंप. दादांचं आधी अक्षर बारीक होत गेलं. बँकेने सही जुळत नाही म्हणून चेक परत पाठवला तेव्हा आम्ही हसलो होतो. मग चालताना उजवा हात झुलेनासा झाला. मागे वळून पाहिलं तर त्याच्याही कितीतरी आधीपासून पोट साफ न होणं आणि झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं चालू होतं. ही या आजाराची आधीची पावलं असू शकतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मेंदूच्या खालच्या भागात काळसर पेशींचा एक पट्टा असतो. त्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात आणि त्याच्या जोरावर आपली हालचाल सहज, न विचार करता होते. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू मरतात. नाशिककराला समजेल अशा भाषेत सांगायचं तर धरणातला साठा आटत जातो, आवर्तन लांबतं आणि पाटाच्या शेवटच्या टोकाचं शेत आधी सुकतं. पेशी का मरतात याचं एकच एक उत्तर नाही. आमचे निफाडचे नातेवाईक द्राक्षबागेतल्या फवारणीबद्दल विचारतात. पॅराक्वॅटसारख्या काही फवाऱ्यांशी या आजाराचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. पण अमक्या माणसाला त्यामुळेच झाला, असं बोट ठेवून कुणाला सांगता येत नाही.

साठा आटला तर टँकर आणावा, तशी ती गोळी. डोपामिन थेट दिलं तर ते मेंदूत शिरत नाही, वाटेतच अडवलं जातं. म्हणून त्याचा कच्चा माल देतात, लेव्होडोपा. तो मेंदूत जातो आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. अडचण अशी की टँकर वस्तीवर पोचण्याआधीच रस्त्यात लोक हंडे घेऊन उभे असतात. पोट, यकृत, रक्त, सगळीकडे लेव्होडोपाचं डोपामिन होत राहतं. त्यामुळे मळमळतं, आणि मेंदूला थेंबभर उरतो. म्हणून गोळीत कार्बिडोपा हे दुसरं द्रव्य असतं. तो टँकरवर बसवलेला राखणदार. तो स्वतः मेंदूत जात नाही, फक्त वाटेतली गळती थांबवतो. हा राखणदार लक्षात ठेवा, पुढे सगळा हिशेब त्याच्यावरच अडणार आहे.

आता तो डबा. कवचबीज, कपिकच्छू, आत्मगुप्ता ही सगळी आपल्या खाजकुयलीची नावं. पेठ-सुरगाण्याकडे कुंपणावर चढलेला हा वेल ज्यांनी लहानपणी पाहिलाय त्यांना शेंगेवरची सोनेरी लव आणि ती मानेवर पडल्यावरची खाज जन्मभर पुरते. त्या शेंगेतल्या बीमध्ये लेव्होडोपा असतं. त्याच्यासारखं काहीतरी नव्हे, तेच. गोळीतला रेणू आणि बीमधला रेणू शेजारी काढून दाखवला तर कुठला कारखान्यातला आणि कुठला वेलावरचा हे माझ्या बारावीच्या वर्गालाच काय, मलाही सांगता येणार नाही. मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली या बियांतून तो वेगळा काढला. पार्किन्सन्समध्ये त्याचा काही उपयोग होईल हे तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं.

ते कळलं ते आणखी एका भारतीय वनस्पतीमुळे, आणि ही गोष्ट मला फार आवडते. सर्पगंधा आपल्याकडे पूर्वापार वापरात आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये तिचा रक्तदाबावरचा परिणाम जगापुढे मांडला. पुढे तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसर्पिन टोचलं. ससे कान पाडून निपचित पडले, कारण रेसर्पिनने त्यांच्या मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा केला होता. मग त्यांना लेव्होडोपा टोचलं आणि ससे उठून बसले. एका झाडाने थांबवलेले ससे दुसऱ्या झाडातल्या द्रव्याने चालते झाले, असं म्हटलं तरी चालेल. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. माणसांना तोंडाने भरपूर मात्रेत लेव्होडोपा देऊन उठवण्याचं काम न्यूयॉर्कच्या जॉर्ज कोटझियास यांनी १९६७ मध्ये केलं. आणि १९७८ मध्ये मुंबईत डॉ. अशोक वैद्य यांच्या गटाने थेट खाजकुयलीच रुग्णांना देऊन पाहिली.

सशांच्या गोष्टीतला एक धडा मात्र आजच घरात तपासून पाहण्यासारखा आहे. रक्तदाबासाठी किंवा झोपेसाठी सर्पगंधा असलेली वटी कुणी घेत असेल, तर पार्किन्सन्सच्या माणसासाठी ती उलटी पडते. तेच काही अ‍ॅलोपॅथीच्या गोळ्यांचंही. चक्करेवरच्या सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइड, आणि पित्ताच्या गोळीत सर्रास मिसळलेलं लेव्होसल्पिराइड, हे सगळे डोपामिनच्या वाटेत आडवे येतात. धडधाकट माणसातही यांनी पार्किन्सन्ससारखी लक्षणं उभी राहू शकतात. दादा दोन वर्षं पित्ताची तसलीच गोळी घेत होते. झाडपाला म्हणून निर्धोक आणि गोळी म्हणून घातक, किंवा याच्या उलट, अशी वाटणी करता येत नाही ती म्हणूनच.

आता हिशेब. कवचबीजात वजनाच्या साधारण ४ ते ६ टक्के लेव्होडोपा असतं. चहाचा सपाट चमचा तीन ग्रॅमचा धरला तर १२० ते १८० मिलिग्रॅम. दादांच्या गोळीत १०० मिलिग्रॅम. कागदावर चमचा गोळीपेक्षा भारी दिसतो. पण चमच्यात राखणदार नाही. लंडनला २००४ मध्ये आठ रुग्णांवर एक काटेकोर तुलना झाली. तीत २०० मिलिग्रॅम लेव्होडोपाच्या गोळीसमोर ३० ग्रॅम कवचबीज ठेवलं होतं, ज्यात १००० मिलिग्रॅम लेव्होडोपा होतं. पाचपट. चूर्णाचा असर सुमारे ३५ मिनिटांत दिसला, गोळीला ६८ मिनिटं लागली, आणि चूर्णाचा परिणाम टिकलाही थोडा जास्त. म्हणजे काका अगदीच हवेत बोलत नव्हते. फक्त आठ माणसं, आणि एका वेळेला दहा चमचे, हे दोन तपशील त्यांच्या कानावर आलेले नव्हते.

याची दुसरी बाजूही तेवढीच खरी. बोलिव्हियात चौदा रुग्णांना नुसतं कवचबीज देऊन पाहिलं, तेव्हा निम्म्यांनी ते मधेच सोडलं, कुणाचं पोट बिघडलं म्हणून, कुणाची हालचाल आणखी बिघडली म्हणून.

खरी गंमत (गंमत कसली) पुढे आहे. बहुतेक घरांत चूर्ण गोळीऐवजी नव्हे, गोळीसोबत सुरू होतं. "साधं आयुर्वेदिक आहे, त्याने काय होतंय?" पण गोळीतला राखणदार फक्त गोळीतल्या लेव्होडोपावर नजर ठेवत नाही. तो रक्तात असेपर्यंत चमच्यातल्या लेव्होडोपालाही सांभाळून मेंदूपर्यंत नेतो. एरवी वाटेत सांडणारा तो चमचा आता कितीतरी जास्त पोचतो. एक गोळी घेणाऱ्याने स्वतःच्या मनाने दोन गोळ्या घेतल्यासारखं होतं, आणि डॉक्टरांना पत्ता नसतो. मग अंग आपोआप वळवळायला लागतं, उठताना रक्तदाब पडतो, कधी नसलेली माणसं खोलीत दिसू लागतात. डॉक्टर म्हणतात आजार वाढला. घरचे म्हणतात गोळी बाधली. चूर्णाचं नाव कुणी काढत नाही, कारण ते औषधात धरलेलंच नसतं.

बरं, चमचा मोजून घ्यावा तर डब्यात काय आहे याची खात्री कुणी द्यायची? अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सोळा कवचबीज उत्पादनांची तपासणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. सांगितलेल्या एका मात्रेत लेव्होडोपा कुठे २ मिलिग्रॅम, तर कुठे २४१. आपल्या बाजारात हे चूर्ण ताकदीचं औषध म्हणून जास्त खपतं. ग्रंथांतही कपिकच्छूची ख्याती आहे ती बल्य (ताकद देणारी) आणि वाजीकर (कामशक्ती वाढवणारी) म्हणून. दुकानात जो डबा तरुण पोरं वेगळ्याच कारणासाठी घेतात, तोच आजोबांसाठी घरी येतो, आणि त्यावर लेव्होडोपाचा आकडा छापलेला नसतो.

"आपल्या ग्रंथांत पार्किन्सन्स आधीपासूनच आहे" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. माधवकरांच्या माधवनिदान या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात वातव्याधींमध्ये वेपथु आहे: सर्वाङ्गकम्पः शिरसो वायुर्वेपथुसंज्ञकः. सगळ्या अंगाला किंवा डोक्याला कंप आणणारा वायू तो वेपथु. कंपवात हा शब्द आज सगळेच वैद्य वापरतात. पण कंप थायरॉइडनेही येतो, वयानुसार येणाराही असतो, घराण्यात चालत आलेलाही असतो. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये जे वर्णन केलं आणि माधवकरांनी जे लिहिलं ते काही ठिकाणी जुळतं, काही ठिकाणी नाही. कंपवात म्हणजेच पार्किन्सन्स असं समजून औषध सुरू करण्याआधी निदान पक्कं करून घ्यावं, एवढाच त्याचा अर्थ.

मला जास्त मोलाचं वाटलं ते चरकांचं दुसरं एक म्हणणं: वाताचं मुख्य घर पक्वाशय, म्हणजे मोठं आतडं. म्हणून वाताच्या आजारात वैद्य हाताकडे बघण्याआधी कोठा विचारतो. पार्किन्सन्समध्ये बद्धकोष्ठता कित्येकदा कंपाच्या आधी येते, आणि पोट जड असलं की गोळी जठरातच रेंगाळते, असर उशिरा होतो किंवा होतच नाही. दोन्हीकडचं कारण सांगणं वेगळं, पण दोघंही पहिला प्रश्न तोच विचारतात. आमच्या घरात आयुर्वेदाचा सगळ्यात ठसठशीत उपयोग झाला तो इथेच. कोमट पाणी, ठरलेली वेळ, रात्री वैद्यांनी ठरवून दिलेलं त्रिफळा, जेवणात पालेभाजी आणि पपई, आणि काही काळ तेलाची मात्रा बस्ती (थोड्या तेलाचा एनिमा). पोट मार्गी लागल्यावर दुपारच्या गोळीचा भरवसा वाढला. गोळी तीच, मात्रा तीच.

बस्ती वैद्याच्याच हातून, हे सांगायला नको. जोरकस वमन (उलटी) किंवा विरेचन (जुलाब) मात्र या वयात, या आजारात फार जपून. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं की आधीच पडणारा रक्तदाब आणखी पडतो. नाकात तेल सोडायचं नस्य गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला नको. तेल श्वासनलिकेत उतरलं तर छातीचं दुखणं मागे लागतं.

अभ्यंगाबद्दल मात्र मी हात राखून लिहिणार नाही. आत्याच्या तेलाने कंप थांबला नाही. पण खांद्याचा ताठरपणा सैल होतो, झोप लागते, आणि दिवसातला अर्धा तास कुणीतरी माणूस शेजारी बसून हात लावतं. पार्किन्सन्समध्ये चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, घरातले लोक नकळत बोलणं कमी करतात. त्या अर्ध्या तासात दादा नोट प्रेसच्या गोष्टी सांगतात. फक्त तेल लावून लगेच न्हाणीघरात पाठवू नका. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात पाय घसरला, नशिबाने कडीला हात लागला. आता तळपायाला तेल लावत नाही, लावलंच तर पुसून घेतो, आणि आंघोळ स्टुलावर बसून. वाफ घेतल्यावरही पाच मिनिटं बसूनच राहायचं.

बाकीच्या डब्यांचं थोडक्यात. अश्वगंधेने झोपेला मदत होते असं काहींना जाणवतं. पार्किन्सन्सवरचं तिचं बरंचसं संशोधन प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरचं आहे, आणि थायरॉइडची गोळी चालू असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नको. बला म्हणजे आपला चिकणा. त्यात थोडं एफेड्रिन असतं, म्हणून पार्किन्सन्सवरच्याच सेलेजिलिन किंवा रासाजिलिन या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय पोटात घेऊ नये. खुरासानी ओवा काही जुन्या पाठांत येतो. त्याने कंप दबतो, पण म्हाताऱ्या माणसाला भ्रम होऊ शकतो, लघवी अडू शकते. लोह गोळीला पोटातच बांधून ठेवतं, तेव्हा लोहभस्म किंवा मंडूर असलेलं औषध गोळीपासून निदान दोन तास लांब. आणि पाऱ्याची रसौषधं: पाऱ्याच्या विषबाधेत हात कापतात, एवढं एकच वाक्य इथे पुरे. इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली होती, त्यातल्या सुमारे २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. ओळखीच्या माणसाने पुडीत बांधून दिलेलं, नाव-गाव नसलेलं औषध मी घरात येऊ देत नाही.

दूध हा आमच्याकडचा मोठा वाद. काढा दुधातून, चूर्ण दुधातून, आणि त्याच कपाबरोबर गोळी. लेव्होडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत ज्या दारातून जातं, त्याच दारातून प्रथिनांचे तुकडेही जातात. दूध, डाळ, मटकी आधी रांगेत उभी राहिली की गोळी बाहेर ताटकळते. म्हणून गोळी पाण्याबरोबर, खाण्याआधी निदान अर्धा तास. रविवारी मिसळीला जायचं तरी आधी घड्याळ बघायचं. मिसळ बंद केलेली नाही, नाशिकात राहून तेवढं पाप कोण करणार!

एका निवासी पंचकर्म केंद्राने आम्हाला सांगितलं होतं की एकवीस दिवस सगळ्या गोळ्या बंद ठेवा, शरीर स्वच्छ होऊ द्या. तिथून आम्ही परत फिरलो, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकानेही फिरावं. लेव्होडोपा एकाएकी बंद केलं तर अंग लाकडासारखं होतं, ताप चढतो, शुद्ध हरपते, जीवावर बेततं. कमी करायचं असलं तरी ते मेंदूविकारतज्ज्ञ ठरवतील, पायरी पायरीने.

व्यायामाबद्दल दोन्ही शास्त्रांचं एकमत आहे, म्हणूनच बहुधा त्याबद्दल कुणी भांडत नाही आणि करतही नाही. दादांचे पाय दारात आले की जमिनीला चिकटल्यासारखे थांबायचे. अशा वेळी बाहेरचा ताल कानावर पडला की पाऊल सुटतं, हे अभ्यासांतून पुढे आलेलं आहे. फिजिओथेरपीच्या ताईंनी घड्याळासारखी टिकटिक लावायला सांगितलं. दादांना ती सोसेना. मग माझ्या मुलाने मोबाइलवर नाशिक ढोलाचा एक संथ ठेका लावून दिला. कृषीनगरच्या ट्रॅकवर आता ते त्या ठेक्यावर चालतात, आणि दारात अडकले की स्वतःच तोंडाने "धिन्, धिन्" करतात. उंबऱ्यापाशी रंगीत पट्ट्या चिकटवल्यात, त्या ओलांडायच्या म्हणून पाय उचलला जातो.

आता वैद्य निवडताना काय बघितलं ते. महाराष्ट्रातल्या बहुतेक एमबीबीएस आणि बीएएमएस पदव्या नाशिकच्याच आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या. विद्यापीठ एक, पण दोन्हीकडच्या कागदांची गाठ रुग्णाच्या पिशवीतच पडते. आम्ही तीन ठिकाणी गेलो. दोघांनी नाडी बघून यादी लिहिली. तिसऱ्या वैद्यबाईंनी यादीआधी विचारलं, "सातची गोळी किती वाजता उतरते?" दादांनी वही काढली. त्यात प्रत्येक दिवसाचं पान होतं: गोळी, जेवण, शौच, झोप, पडलो का, आणि हात कधी हलका वाटला, सगळं वेळेसकट, त्यांच्या मुंगीएवढ्या अक्षरात. बाईंनी ती दहा मिनिटं वाचली. म्हणाल्या, कवचबीज मी देईन तेव्हा तुमच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून, गोळीची मात्रा त्यांनी बदलल्यावरच. आत्ता गरज दिसत नाही. डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

परवा समोरचे काका आले होते. दादांचा चहा न सांडता संपलेला बघून खूश झाले. "आमची पावडर चालू आहे ना?" त्यांनी विचारलं.

"तिजोरीत आहे," दादा म्हणाले. "हिशेब लागला की बाहेर काढू."